चिखलदरा

अमरावती जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण व तालुक्याचे मुख्य गाव. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मी. उंचीवर. परतवाड्याहून घाट चढून येथे पोहोचतात. विदर्भात ऐन उन्हाळ्यातला नवतपा भाजून काढतो तेव्हा नागपूर-अमरावतीच्या लोकांना हेच जवळचे महाबळेश्वर.

हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये हे ठिकाण ‘शोधले’, असे बहुतेक पुस्तके सांगतात. हे विधान फार तोकडे आहे. कोरकू आदिवासींची वस्ती या डोंगरात आधीपासून होती, आणि गावाला लागूनच असलेला गाविलगड किल्ला तेव्हा चारशे वर्षांचा जुना होता. बहमनी सुलतान अहमदशहाने तो बांधला. पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला याने त्याची डागडुजी केली. फत्तेउल्ला जन्माने विजयनगरकडील ब्राह्मण. शार्दूल दरवाजावर सिंहांबरोबर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. विजयनगरच्या कानडी मुलखाची आठवण म्हणून तो आवर्जून पाहावा.

अठराव्या शतकात गड नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावला भोसल्यांचा पराभव झाल्यावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. दक्षिणेची बाजू सरळ कड्याची. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनने जड तोफा डोंगरातून ओढत उत्तरेला, लाबाडा गावाच्या अंगाने आणल्या. तिकडेच भिंतीला खिंडार पडले. १५ डिसेंबरला इंग्रज फौज आत शिरली, पण आतला कोट शाबूत होता. शिड्या लावून तो घेतला गेला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निसटून निजामाकडे गेले. नागपूरच्या इतिहासाला कलाटणी देणारी ही लढाई नागपुरात फारशी आठवली जात नाही, याची खंत वाटते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी गडाची तटबंदी मोडून टाकली.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आल्यावर गावात साहेबांचे बंगले वाढले. कॉफीची लागवडही झाली. महाराष्ट्रात कॉफीसाठी नाव असलेले हेच ठिकाण. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत फेकले, अशी लोककथा आहे. भीमकुंड त्याच कथेतले. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, शक्कर तलाव ही इतर ठिकाणे.

भोवतालचे जंगल १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाले. पावसाळ्यात गर्दी सर्वाधिक. मात्र गड नीट पाहायचा तर हिवाळ्यात, गवत वाळल्यावर यावे.