ब्राझीलमध्ये ‘काळा’ कोण, अमेरिकेत कोण?

गुलामगिरी म्हटलं की डोळ्यांसमोर अमेरिकेतले कापसाचे मळे येतात. पण आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांपैकी उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट उतरवले गेले ते सुमारे चार लाख. ब्राझीलमध्ये जवळपास ४८ लाख! ऊस, सोन्याच्या खाणी, पुढं कॉफी... माणसं इतक्या लवकर मरत की नवी आणत राहावी लागत.

अमेरिकेत १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपली. तिच्या उच्चाटनासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तेव्हा ब्राझीलमध्ये माणसांची खरेदी-विक्री कायदेशीरच होती. तिथं ती १३ मे १८८८ रोजी बंद झाली, दोन्ही अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. सुटलेल्यांना जमीन नाही, भरपाई नाही.

यानंतर अमेरिकेतल्या दक्षिणी राज्यांनी भेदभाव कायद्यात लिहूनच ठेवला. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या. व्हर्जिनियाच्या १९२४ च्या कायद्यानुसार आफ्रिकी वंशाचा अंशही असलेला माणूस गोरा ठरत नसे. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावरची बंदी सर्वोच्च न्यायालयानं उठवली ती थेट १९६७ मध्ये.

ब्राझीलमध्ये असे कायदे नव्हते. तिथं वर्ण ठरतो दिसण्यावरून: त्वचा, केस, नाक. त्यामुळे सख्खी भावंडंही वेगवेगळ्या वर्णाची मानली जाऊ शकतात. २०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला ‘पार्दो’ म्हणजे मिश्रवर्णी म्हटलं, ४३.५ टक्क्यांनी गोरं आणि १०.२ टक्क्यांनी काळं.

कायदा नाही म्हणजे भेदभाव नाही, असं ब्राझील स्वतःला बरीच वर्षं सांगत राहिला. १९५० मध्ये अमेरिकी नर्तिका कॅथरीन डनहॅम यांना साओ पाउलोतल्या हॉटेलनं वर्णावरून खोली नाकारली. त्याचा बोभाटा झाला आणि १९५१ मध्ये भेदभावविरोधी कायदा आला. घरकाम, झोपडपट्टी, पोलिसांची गोळी यांत काळ्यांचा वाटा मात्र आजही जास्तच आहे.

२०१२ मध्ये ब्राझीलनं केंद्रीय विद्यापीठांत आरक्षण आणलं. (अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करणं २०२३ मध्ये बेकायदा ठरवलं, त्याच वर्षी ब्राझीलनं आपला कायदा पुढं चालू ठेवला.) पण लाभार्थी कोण? गोरे विद्यार्थी जागा लाटतात अशा तक्रारी आल्यावर अनेक विद्यापीठांनी समित्या नेमल्या. समिती उमेदवाराला समोर बसवून पाहते आणि ठरवते. ‘माझी आजी काळी होती’ हे तिथं चालत नाही.