देवावरील भरवशाची बेटे

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात झाले, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ कुटुंबे तेथे जाऊन आली. घरी परतलेल्या मुलांना या संताविषयी काय ठाऊक आहे, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडी एकच कथा येते : समुद्रात पडलेला क्रूस खेकड्याने नांगीत धरून किनाऱ्यावर आणून दिला, ती. कथा गोड आहे. ती ज्या प्रवासाशी जोडली जाते तो १५४६ सालचा प्रवासही खराच. मात्र झेवियर यांनी त्या प्रवासाविषयी स्वतः लिहिलेल्या पत्रांत खेकड्याचा मागमूस नाही. त्यांत जे आहे ते आम्हांस खेकड्याहून अधिक अद्भुत वाटते. आपल्या आयुष्यात एवढे अखंड आत्मिक समाधान आपल्याला दुसरीकडे कुठे लाभल्याचे आठवत नाही, असे त्यांनी ज्या ठिकाणाविषयी लिहिले, ते ठिकाण त्या काळी पूर्वेकडील सर्वांत भयंकर मानले जाई. त्या ठिकाणाचे नाव मोरो.

त्या वेळी झेवियर चाळिशीत होते. ७ एप्रिल १५४१ रोजी, म्हणजे पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडले आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. पुढील दोन-अडीच वर्षे त्यांनी दक्षिणेकडील मोतीकिनाऱ्यावर परवांमध्ये घालविली. तमिळ प्रार्थना तोंडपाठ करून त्या गावोगाव शिकविल्या. १५४४ च्या अखेरीस त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात दहा हजारांहून अधिक लोकांना त्यांनी स्नानसंस्कार दिला. चरित्रकार हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात; आम्हीही शाळेत तो असाच ऐकला. पण त्याच सुमारास मन्नार येथे नवख्रिस्ती कोळ्यांची कत्तल झाली, आणि जाफन्याच्या राजाला जाब विचारण्याची ठरलेली पोर्तुगीज मोहीम एका अडकून पडलेल्या जहाजातील मालाच्या काळजीने बारगळली. ज्या सत्तेच्या आधाराने आपण या देशात आलो, तिला माणसांपेक्षा मालाची किंमत अधिक आहे, हे झेवियर यांना कळून चुकले.

१५४५ च्या एप्रिलमध्ये ते मैलापूरला, प्रेषित संत थोमाच्या समाधीपाशी आले आणि सुमारे चार महिने तेथेच राहिले. पुढे कुठे जावे, हा एकच प्रश्न घेऊन ते प्रार्थनेस बसत. अखेर मलाक्काच्या पलीकडे जाण्याचा निश्चय झाला, आणि तो होताच मन शांत झाल्याचे त्यांनी गोव्यातील आपल्या मित्रांना कळविले. पोर्तुगीज जहाज मिळाले नाही तर मुसलमानांच्या वा हिंदूंच्या जहाजाने जाऊ, तेही न मिळाल्यास साध्या कट्टुमरमावरून निघू, असेही त्या पत्रात आहे. ज्याला समुद्राची ओळख नाही, त्याने हे लिहिले असते तर हसू आले असते. झेवियर यांना तेरा महिन्यांच्या प्रवासाने समुद्र पुरता कळला होता.

मलाक्कात त्यांनी जाणकारांच्या मदतीने प्रार्थना मलायी भाषेत उतरवून घेतल्या. १ जानेवारी १५४६ रोजी ते निघाले आणि १४ फेब्रुवारीस अंबोन बेटावर पोहोचले. तेथील सात ख्रिस्ती खेड्यांना बरेच दिवस धर्मगुरू नव्हता. ती खेडी फिरून होतात न होतात तोच रुय लोपेझ दे व्हिलालोबोस यांचा स्पॅनिश काफिला बंदरास लागला. तो पराभूत, उपाशी आणि आजारी होता. झेवियर यांचे पुढील आठवडे आजाऱ्यांची शुश्रूषा, पापनिवेदन आणि दफनविधी यांत गेले. स्वतः व्हिलालोबोस यांनीही तेथेच देह ठेवला.

या धामधुमीतच मोरोचा विचार पक्का झाला. मोरो म्हणजे हल्माहेरा बेटाचा ईशान्य किनारा आणि त्यासमोरील मोरोताई व राऊ ही बेटे. तेथील काही गावांनी काही वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पण त्यांच्या धर्मगुरूचा वध झाला आणि त्यानंतर तिकडे कोणी फिरकले नव्हते. स्नानसंस्कार झालेले लोक प्रार्थनाही न शिकता राहिले होते. तेथील माणसे अन्नातून विष घालतात अशी ख्याती होती. मित्रांनी अंबोनहून जाऊ नका म्हणून विनविले. काहींनी डोळ्यांत पाणी आणून विषावरील उतारे पुढे केले. झेवियर यांनी त्यांचे आभार मानले आणि उतारे घेतले नाहीत. जी भीती मनात नाही तिचे औषध जवळ ठेवून देवावरील विश्वासाला ओझे कशाला लावावे, असा त्यांचा हिशेब होता.

१० मे १५४६ च्या अंबोनहून लिहिलेल्या पत्रात यासंबंधी जो मजकूर आहे, तो सेमिनरीत असताना आम्ही प्रथम वाचला आणि आजवर विसरलेलो नाही. जो आपला जीव वाचवू पाहील तो त्यास मुकेल, हे प्रभूचे वचन लॅटिनमध्ये अगदी सोपे आहे, असे झेवियर म्हणतात. पण माझा जीव, आज, या गावी, असा प्रश्न उभा राहिला की तेच सोपे लॅटिन इतके अंधूक होते की मोठमोठ्या विद्वानांनाही त्याचा अर्थ लागेनासा होतो. पॅरिसच्या विद्यापीठात शिकलेल्या आणि शिकविलेल्या माणसाचे हे लिहिणे आहे. धर्मशास्त्राची पुस्तके ज्यांच्या कपाटात आहेत अशा आम्हां सर्व धर्मगुरूंसाठी त्यात थोडा चिमटाही आहे.

त्याच पत्रात आणखी एक हळवी गोष्ट आहे. रोममधील सोबत्यांनी पाठविलेल्या पत्रांवर त्यांनी आपल्या हातांनी लिहिलेली नावे होती. ती झेवियर यांनी कापून घेतली आणि आपल्या व्रतवचनाच्या कागदासोबत सतत जवळ बाळगली. त्या काळी मोलुक्काहून लिहिलेल्या पत्राचे उत्तर यायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागे. आज आपली मुले आखातातून रोज रात्री पडद्यावर दिसतात. त्या चिठोऱ्यांचे मोल समजण्यास थोडे थांबावे लागेल.

याच बेटावरून, अवघ्या सहा दिवसांनी, १६ मे रोजी, झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजास दुसरे पत्र लिहिले. त्यात भारतातील पोर्तुगिजांसाठी उपदेशक पाठवा, अशी विनंती आहे. आणि इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापन करा, अशीही आहे. ते न्यायालय गोव्यात १५६० मध्ये, झेवियर यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी आले आणि त्याने काय केले, ते गोव्याच्या व आपल्या उत्तर कोकणाच्या इतिहासास ठाऊक आहे. संतांच्या चरित्रांतून हे पत्र पुष्कळदा गाळले जाते. आम्हांस ते गाळणे योग्य वाटत नाही. ज्या लेखणीतून जीव गमावण्याविषयीचे ते शब्द उतरले, त्याच लेखणीतून ही मागणीही उतरली. राजाला लिहिताना झेवियर आपल्या काळाच्या भाषेत विचार करीत होते. त्या भाषेत श्रद्धेचे रक्षण शिक्षेच्या धाकाने करता येत असे. मोरोच्या किनाऱ्यावर मात्र धाक घालण्यासारखे त्यांच्यापाशी काहीच नव्हते. तेथे किल्ला नव्हता, कप्तान नव्हता, न्यायालय नव्हते.

तर्नातेमार्गे ते १५४६ च्या सप्टेंबरात मोरोला पोहोचले आणि सुमारे तीन महिने राहिले. तेथे गहू नाही, द्राक्षारस नाही, गुरे नाहीत. खायला भात आणि सागो झाडाच्या गाभ्याच्या पिठाची भाकरी. (आपल्या साबुदाण्याचे नाते मुळात याच झाडाशी, आज आपल्याकडचा साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो, एवढेच.) लोक झाडाच्या सालीची वस्त्रे करीत. वाटा डोंगराच्या व चढणीच्या. एक पर्वत आग आणि राख ओकीत असे आणि जमीन वरचेवर हादरे. २९ सप्टेंबर रोजी, महादूत संत मिखाएलच्या सणाला, ते मिस्सा अर्पण करीत असताना भूकंपाचा असा धक्का बसला की वेदी कोसळते की काय, असे त्यांना वाटले. हे काय आहे, असे लोकांनी विचारले. संत मिखाएल तेथल्या सैतानांना शिक्षा करीत आहे, असे त्यांनी सांगितले. आजचा धर्मशिक्षक असे उत्तर देणार नाही. परंतु धरणी हलत असता वेदीपाशी उभा राहिलेला हा माणूस त्या लोकांना सोडून पळाला नाही, हे त्यांनी पाहिले असेलच.

काम म्हणाल तर साधेच होते. गावोगाव जाणे, मुलांना स्नानसंस्कार देणे, मलायीत प्रार्थना म्हणून घेणे, आजाऱ्यांजवळ बसणे. या कामाविषयीच त्यांनी पुढे कोचीनहून २० जानेवारी १५४८ रोजी लिहिले की, या बेटांत आनंदाश्रूंनी थोड्याच वर्षांत माणसाची दृष्टी जाईल. त्यांना मोरोची बेटे न म्हणता देवावरील भरवशाची बेटे म्हणावे. शरीराचे कष्ट तेथे जाणवतच नव्हते, असेही त्यांनी लिहिले.

हा आनंद आला कोठून? यशातून म्हणावे तर त्रावणकोरचे दहा हजार अधिक मोठे होते, आणि तेथून ते खिन्न होऊन निघाले होते. आमच्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर अंबोनच्या पत्रातच आहे. विषाचे उतारे मागे ठेवले, तेव्हाच भय मागे पडले. भयाने अडवून ठेवलेली जागा रिकामी झाली आणि तेथे आनंद शिरला. आमच्या धर्मग्रामातील तरुण-तरुणी सुटीत तलासरी-डहाणूकडील पाड्यांवर आठवडाभर सेवेला जातात आणि परत येऊन सांगतात, ‘फादर, आम्ही द्यायला गेलो होतो, पण घेऊनच आलो.’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की कधी कधी ते पाठ केलेले वाटते. तरी एखाद्या मुलीच्या आवाजात ते खरे उतरते. चौकशी केली तर बहुधा असे कळते की तिच्या हातून तेथे फारसे काही झालेले नसते. औषधांची पेटी वेळेवर पोहोचलेली नसते, भाषा अर्धीमुर्धीच कळलेली असते, आणि कुणा म्हातारीने तिला आपल्या वाट्याची भाकरी दिलेली असते.

मोरोहून झेवियर तर्नातेला परतले. त्यांनी शिकविलेल्या प्रार्थना तेथे चौकांत मुले, घरांत रात्रंदिवस बायका व मुली, शेतांत कष्टकरी आणि समुद्रावर कोळी गाऊ लागले होते. मतांगीकार, ‘हे आमच्या बापा’, ‘नमो मारिया’, दहा आज्ञा. आपल्या कोळीवाड्यांतील गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हे दृश्य सहज दिसेल. निरोपाच्या वेळी लोकांचे रडे टाळावे म्हणून १५४७ मध्ये ते जवळजवळ मध्यरात्री जहाजावर चढले. ते साधले नाही. लोक जागेच होते. पुढे मलाक्काहून कोचीनला येताना तीन दिवस आणि तीन रात्री वादळाने जहाज घेरले. वादळात असताना जितके समाधान होते तितके कदाचित त्यातून सुटल्यावर नव्हते, असे ते लिहितात. देवाच्या सेवेसाठी याहून मोठ्या संकटांत जायचे नसेल तर यातून सोडवू नकोस, अशी प्रार्थना त्यांनी तेथे केली.

त्याच १५४८ साली गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांना भेटण्यासाठी ते आपल्या वसईस आले होते. मोरोसाठी त्यांनी फादर जुआंव द बेइरा यांच्यासह येशूसंघाचे आणखी मिशनरी आधीच रवाना केले होते. त्या मिशनचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १५७० मध्ये तर्नातेचे सुलतान हैरून यांना पोर्तुगिजांनी विश्वासघाताने मारले. त्याचा सूड घेण्यास त्यांचा पुत्र उठला, १५७५ मध्ये पोर्तुगिजांना तर्नातेचा किल्ला सोडावा लागला, आणि या वैराचा भार मोरोच्या गरीब ख्रिस्ती गावांवर पडला. पुढील काही दशकांत ती जवळजवळ नाहीशी झाली. उत्तर हल्माहेरात आज जे ख्रिस्ती आहेत त्यांपैकी बहुतेक एकोणिसाव्या शतकातील डच प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या कार्यातून आलेले आहेत. झेवियर यांनी सुचविलेले नाव नकाशावर कधी चढले नाही. त्या बेटापाशी आजही मोरोताई असेच लिहिलेले असते.