३७व्या पानावरचा आकडा

१६ एप्रिल २००९ ला ओबामा सरकारने अमेरिकन न्याय खात्याची चार गुप्त टिपणं जाहीर केली. कैद्यांची चौकशी करताना सीआयएला काय काय चालेल, याबद्दल बुश काळात दिलेला हा कायदेशीर सल्ला. मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या, अग्रलेख झाले. आणि दोन दिवसांनी मार्सी व्हीलर या ब्लॉग लिहिणाऱ्या बाईंनी मे २००५ च्या टिपणातल्या ३७व्या पानावर बोट ठेवलं. ऑगस्ट २००२ मध्ये अबू झुबैदावर किमान ८३ वेळा, मार्च २००३ मध्ये खालिद शेख मोहम्मदवर १८३ वेळा वॉटरबोर्डिंग. म्हणजे माणसाला आडवं बांधून, तोंडावर कापड टाकून, बुडतोय असं वाटेपर्यंत पाणी ओतायचं.

आता हे आठवा. डिसेंबर २००७ मध्ये सीआयएच्या एका माजी अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितलं होतं की झुबैदा अर्ध्या मिनिटात बोलायला लागला. ‘एकदाच केलं, लगेच काम झालं’ या गोष्टीवर किती चर्चा झडल्या! नंतर सीआयएच्या बाजूने खुलासा आला की आकडा पाणी ओतण्याचा आहे, बैठकींचा नाही. बरं, तसं धरू. तरी १८३ वेळा ओतलंच ना?

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की बाईंकडे कुठलाही गुप्त सूत्र नव्हता. कागद सगळ्यांच्या हातात होते. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले, इतकंच.

त्या मुळात पत्रकार नव्हेतच. मिशिगन विद्यापीठातून तौलनिक साहित्यात पीएचडी. नाव झालं २००७ च्या लिबी खटल्यात. उपाध्यक्ष चेनींचा उजवा हात असलेला स्कूटर लिबी, सीआयएच्या व्हॅलरी प्लेम यांचं नाव फोडल्याच्या प्रकरणात खोटं बोलल्याचा आरोप. कोर्टात कॅमेरा नाही. व्हीलर आणि त्यांचे सहकारी ब्लॉगर पास घेऊन आत बसले आणि साक्षी ऐकता ऐकता टाइप करत राहिले. ब्लॉगवाल्यांना नाकं मुरडणारे पत्रकारही त्यांच्या नोंदी उघडून बघायचे. लिबी दोषी ठरला. बुशनी तुरुंगवास माफ केला, पुढे २०१८ मध्ये ट्रम्पनी माफीच देऊन टाकली.

पण त्यांचं आंधळं कौतुक मला जमत नाही. जुलै २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की आदल्या वर्षी आपण एफबीआयकडे जाऊन एका माणसाची माहिती दिली. हा माणूस त्यांच्याशी सूत्र म्हणून बोलत होता. २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियन हल्ल्यात त्याचा हात होता, अशी त्यांची खात्री झाली होती. निवडणुकीनंतर काही तासांतच त्याने पाठवलेला, ट्रम्प यांच्या सीरियाबाबतच्या हालचालींचा मेसेजही त्यांनी उघड केला. नाव मात्र छापलं नाही.

आयुष्यभर सरकारी पाळतीवर टीका करणारी बाई एफबीआयच्या दारात! सूत्राला वाचवणं हा या धंद्यातला पहिला धर्म, असं आपण शिकतो. सूत्रच लोकांना इजा करत असेल तर? तीनदा वाचलं त्यांचं ते लेखन. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा पटलं. तिसऱ्यांदा, खरं सांगतो, पुन्हा घोळात पडलो. तुम्ही काय केलं असतंत?