पणजोबांची पलटण आणि फेरफार

‘पणजोबा बसऱ्याला लढाईत गेले.’ घरातलं हे वाक्य म्हणजे पुरावा नव्हे, गृहीतक. ते तपासायचं कसं?

आधी पलटण शोधा. १९२२ मध्ये पलटणींची नावं बदलली. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री ही ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणून जुनं-नवं दोन्ही नाव लिहून ठेवा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत एकाच नावाचे अनेक शिपाई भेटतात. फरक कळतो तो शिपाई क्रमांकावरून.

मग जमीन. सातबारा आजचा खातेदार दाखवतो. जमीन कशी आली ते फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, सांगतो. तिथल्या वारस नोंदीत पणजीचं नाव कधी लागलं ते पाहा. ती तारीख यादीतल्या मृत्यूच्या आधीची निघाली, तर तुमचा शिपाई दुसराच कुणीतरी आहे.