हुंडी, बट्टा आणि हज नोट : खानदेशातून परदेशी निघालेल्यांच्या पैशांची कथा

परदेशी निघालेल्या माणसाला परके चलन स्वस्तात कुठे मिळेल, हा प्रश्न विमानतळ आणि क्रेडिट कार्ड यांच्यापेक्षा फार जुना आहे. तापीच्या खोऱ्यात तो निदान चारशे वर्षे विचारला जातो आहे. आजचा धागा त्या प्रश्नाचा. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी एक शब्द समजून घेऊ : बट्टा. नाण्याची दर्शनी किंमत आणि सराफ प्रत्यक्षात देईल ती किंमत यांतील तूट म्हणजे बट्टा. नावाला बट्टा लागतो तो याच सराफी पेढीवरून आलेला. आपण धनादेश ‘वटवतो’, त्यातला वटावही याच व्यवहारातला. पोतदार, पारख, नाणावटी ही आडनावे नाणी पारखणाऱ्यांची. नाणे बदलण्याचा व्यवसाय समाजात किती खोलवर मुरलेला होता, याचा याहून सोपा पुरावा नाही.

आता वाट पाहू. मोगल काळात खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे बुऱ्हाणपूर होते. आज ते मध्य प्रदेशात, रावेरच्या पलीकडे आहे. तिथून समुद्राकडे जाणारा रस्ता रावेर, चोपडा, थाळनेर, नंदुरबार, नवापूर असा तापीच्या काठाकाठाने सुरतेला उतरे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात याच खोऱ्यातून बुऱ्हाणपुरास गेला आणि तिथे त्याने शहजादा परवेझची भेट घेतली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने तर या मार्गावरच्या मुक्कामांची यादीच देऊन ठेवली आहे. (नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, हेही त्याने आवर्जून लिहिले. जवाहिऱ्याचे नाक!)

हाच रस्ता मक्केचाही होता. सुरत हे हिंदुस्थानातील हज यात्रेकरूंचे मुख्य बंदर. बाब-उल-मक्का, म्हणजे मक्केचे द्वार, असे त्याला म्हणत. दख्खन आणि माळव्यातून निघालेल्या कितीतरी यात्रेकरूंना खानदेश ओलांडूनच जावे लागे. म्हणजे एकाच वाटेवर दोन प्रकारचे प्रवासी होते : वर्षानुवर्षे ये-जा करणारा व्यापारी, आणि आयुष्यात एकदाच जाणारा यात्रेकरू. पुढची सगळी कथा या दोघांच्या फरकाची आहे.

या वाटेवर चालणारी नाणी एकसारखी नव्हती. मोगलांचा चांदीचा रुपया होता. सुरतेच्या बाजारात मात्र १७व्या शतकाच्या आरंभी हिशोब महमुदीत चाले. ही गुजरातच्या सुलतानांच्या वळणाची चांदीची नाणी. तिचा एक मोठा पुरवठा बागलाणातील मुल्हेरच्या टांकसाळीतून होई, म्हणजे आजच्या साक्री तालुक्याला लागून असलेल्या मुलखातून. एका रुपयाला साधारण सव्वादोन महमुदी असा भाव असे. १६३८ मध्ये बागलाण मोगलांकडे गेले आणि पुढे महमुदी मागे पडत गेली. त्याखेरीज रुपयाला वयाचाही बट्टा होता. चालू वर्षाचा ‘सिक्का’ रुपया पूर्ण किमतीचा. तोच जुना झाला की ‘चलनी’ ठरे आणि थोडा उतरे. चांदी तीच, वजनही जवळजवळ तेच. तरी तारीख पाहून किंमत कमी. गावाकडून दोन-चार वर्षांपूर्वीची पुंजी कमरेला बांधून निघालेल्या माणसाला सराफाच्या दारात याचा अर्थ कळत असे.

बाहेरून आलेल्याची गत याहून वेगळी नव्हती. परदेशी सोने-चांदी सुरतेला उतरली की ती टांकसाळीत जाऊन देशी नाण्यात रूपांतरित व्हावी, असा मोगली दंडक होता. युरोपातून आणलेले स्पॅनिश रियाल थेट बाजारात चालत नसत; एक तर टांकसाळीत रांग लावायची, नाही तर सराफाकडून लगेच रुपये घेऊन त्याला त्याचा बट्टा द्यायचा. घाई असेल तर किंमत जास्त, हा नियम तेव्हाही होताच.

मग व्यापारी काय करीत? ते नाणी वाहूनच नेत नसत. ते हुंडी घेत. हुंडी म्हणजे एका गावच्या सराफाने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्याला लिहिलेला कागद : अमक्याला इतके रुपये द्यावेत. दाखवताच पैसे मिळतील ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळतील ती मुदती, आणि माल वाटेत बुडाला तर पैसेही बुडाले अशी अट असलेली ती जोखमी. ताव्हेर्निएने वेगवेगळ्या शहरांतून सुरतेवर लिहिल्या जाणाऱ्या हुंड्यांचे दर नोंदवले आहेत. लाहोरला शेकडा सव्वासहापर्यंत, आग्र्याला सव्वाचार ते पाच, बुऱ्हाणपूरला अडीच ते तीन, अहमदाबादला एक ते दीड. हे दर आत पैसे उचलून सुरतेला फेडणाऱ्या व्यापाऱ्याचे आहेत. दर का चढतात, हेही तो सांगतो : माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचेच बुडत. म्हणजे त्या अडीच-तीन टक्क्यांत व्याज आले, वाटेचा धोका आला आणि सराफाचा नफाही आला.

हा आकडा मला विलक्षण वाटतो. आज चलन बदलून देणाऱ्या कोणत्याही काउंटरवर डॉलरचा विक्रीदर आणि खरेदीदर शेजारी शेजारी लिहिलेला असतो. त्या दोहोंतील फरकाची टक्केवारी एकदा स्वतः काढून पाहा, आणि मग तापीकाठच्या त्या सराफाविषयी मत बनवा. त्याला बैलगाड्यांचा तांडा, पेंढारी, पूर आणि सुभेदार या सगळ्यांचा हिशोब करावा लागत होता.

पण स्वस्त हुंडी कोणाला? ज्याची पत सराफाला ठाऊक आहे त्याला. सावकारी कागदाचा सारा आधार ओळखीवर. एकदाच प्रवास करणाऱ्या यात्रेकरूची ओळख कोण देणार? तो रोकड घेऊन निघे, आणि रोकडीवर प्रत्येक मुक्कामाला बट्टा. पुन्हा समुद्रापलीकडे गेल्यावर तांबड्या समुद्राच्या बंदरांत स्पॅनिश रियालांची चलती. तिथे रुपया पुन्हा तराजूवर.

यावर एक उपाय होता. तो चलनाच्या इतिहासात क्वचितच सांगितला जातो : कापड. तांबड्या समुद्राच्या बाजारपेठांना हिंदुस्थानी कापड हवे होते आणि त्याच्या बदल्यात तिकडून सोने-चांदी इकडे येत होती. इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने १६९५ मध्ये लुटलेले ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज मोख्याहून सुरतेला परतत होते. त्यात यात्रेकरू होते आणि सोन्या-चांदीचा मोठा साठाही. चांदी ज्या दिशेने आपणहून येत आहे, त्याच्या उलट दिशेने चांदी घेऊन जाणे म्हणजे तोटाच. त्याऐवजी गाठोड्यात चार ठाण नेऊन तिकडे विकले तर तिकडचे नाणे थेट हाती येई. हज आणि व्यापार हे एकाच जहाजातून का जात, याचे एक कारण मला या हिशोबात दिसते. बुऱ्हाणपूर स्वतः कापडासाठी प्रसिद्ध होते, हे इथे लक्षात घ्यावे.

मराठेशाहीत नाण्यांची विविधता आणखी वाढली. चांदवडी, अंकुशी, बुऱ्हाणपुरी अशा रुपयांचे भाव गावागणिक निराळे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, धुळे जिल्ह्याचे ठाणे झाले. तरी हा गोंधळ लगेच संपला नाही. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकच कंपनी रुपया ठरला आणि रुपया-रुपयांतला बट्टा हळूहळू इतिहासजमा झाला. १८६० च्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळला पोहोचली, आणि खानदेशचे बंदर सुरतेवरून मुंबईला सरकले.

वाफेच्या जहाजांनी प्रवास सोपा केला. गरीब यात्रेकरूंची संख्या वाढली. त्याबरोबर एक नवी शोकांतिका आली : पैसे संपून जिद्देला अडकून पडणे. जाण्याचे भाडे कसेबसे जमवलेले, परतीचे नाही. १८८६ मध्ये सरकारने या यात्रेची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवून पाहिली. १८९३ मध्ये तो प्रयोग संपला. अखेर १९२० च्या दशकात परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत रक्कम आधीच भरण्याची अट कायद्यात आली. खिशातल्या नाण्याचा भाव परमुलखात कोसळला तर माणूस घरी परतू शकत नाही, हे सरकारला उमगायला इतकी वर्षे लागली.

मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली होती. भारतीय रुपयाच परदेशी चलन झाला. कुवेत, बहारिन, कतार, दुबई, ओमान इथे तो रोजच्या बाजारात चाले. हेजाझमध्येही यात्रेकरूंचे रुपये घेणारे सराफ होतेच. रावेर किंवा धुळ्याहून निघालेला माणूस घरचीच नोट घेऊन आखातात उतरू शकत होता. चलन बदलण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ते बदलावेच न लागणे, आणि तो काही पिढ्यांना लाभला.

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्याबरोबर परकीय चलनावर सरकारी नियंत्रण आले. युद्ध संपले, नियंत्रण राहिले. १९४७ च्या कायद्याने ते पक्के झाले. आता प्रश्न भावाचा उरला नाही, परवानगीचा झाला. पुढच्या दशकांत शिक्षणासाठी अमेरिकेला जाणारे तरुण खिशात आठ डॉलर घेऊन निघाले, या कहाण्या घरोघरी ऐकू येतात. त्या याच व्यवस्थेच्या.

याच काळात रुपयाच्या आखाती वापराने सरकारची झोप उडवली. चोरटे व्यापारी रुपयांच्या नोटा आखातात नेत, तिथे सोने घेत आणि ते गुपचूप भारतात आणत. त्या नोटा बँकांमार्फत परत आल्या की रिझर्व्ह बँकेला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. साठा आटत चालला. १९५९ मध्ये उपाय निघाला : आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, भारतात न चालणाऱ्या नोटा छापायच्या. आणि हज यात्रेकरूंसाठी आणखी वेगळ्या.

हीच ती हज नोट. १० आणि १०० रुपयांची, क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे, रंग नेहमीच्या नोटांहून निराळा. यात्रेकरूने आपले साधे रुपये देऊन ही नोट घ्यायची आणि सौदी अरेबियात ती रियालांत बदलायची. गंमत अशी की पलीकडचे सरकारही याच प्रश्नाशी झगडत होते. तिथला रियाल चांदीचा, जड. म्हणून सौदी चलनसंस्थेने १९५३ मध्ये ‘हज यात्रेकरूंच्या पावत्या’ काढल्या होत्या, आणि त्यांवर अरबीखेरीज उर्दू, फारसी, तुर्की यांसारख्या यात्रेकरूंच्या भाषांतही मजकूर होता. त्या पावत्या पुढे सर्वसामान्य बाजारातही चालू लागल्या. सौदी कागदी चलनाची सुरुवात अशी यात्रेकरूंच्या सोयीतून झाली.

हज नोटेमागे करुणा होती असे मी म्हणणार नाही. हेतू सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्याचा होता. तरीही परिणाम पाहा. ज्याची कुठल्याच सराफाकडे पत नव्हती त्या माणसाच्या हाती प्रथमच असा कागद आला, ज्याच्यामागे थेट रिझर्व्ह बँक उभी होती. बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला हुंडीने जे दिले होते, ते यात्रेकरूला मिळायला तीनशे वर्षे लागली.

टिकले मात्र फार नाही. १९६१ मध्ये कुवेतने आपला दिनार काढला, १९६५ मध्ये बहारिनने. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले : ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा. तेवढ्याच परकीय चलनासाठी सुमारे ५७ टक्के अधिक रुपये. त्याच वर्षी कतार आणि दुबईनेही रुपया सोडला. ओमानने १९७० मध्ये. हज नोट व्यवहारातून गेली, आणि आज ती संग्राहकांच्या लिलावात मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकली जाते. ज्यांच्यासाठी छापली, त्यांच्या घरात ती सापडणे कठीण. त्यांनी ती खर्चण्यासाठीच घेतली होती.

त्यानंतरची वाट बहुतेकांना ठाऊक आहे. १ जून २००० पासून ‘फेमा’ कायदा, २००४ मध्ये २५ हजार डॉलरची मोकळीक, ती आज वर्षाला अडीच लाख डॉलर. नोटांच्या स्वरूपात मात्र साधारणपणे एका प्रवासाला ३ हजार डॉलर, बाकी कार्डावर. प्रवासानंतर उरलेले चलन १८० दिवसांत परत करायचे, २ हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवता येते. परवानगीचा प्रश्न सुटला आणि भावाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

हज समितीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंना अलीकडेपर्यंत भरलेल्या रकमेतूनच २,१०० रियाल रोख मिळत. भाव एकच, धुळ्याच्या यात्रेकरूला आणि दिल्लीच्याही. २०२३ च्या हज धोरणात ही सक्ती काढून टाकण्यात आली. यात्रेकरूने आपल्याला लागतील तेवढे रियाल स्वतः घ्यावेत, त्यासाठी स्टेट बँकेकडून रोख चलन व कार्डाची सोय असेल, असे ठरले. एकूण भरणा त्यामुळे कमी झाला. पण किती रियाल, कोणत्या दराने, गावातल्या शाखेत आधीच की निघण्याच्या दिवशी, हे आता पुन्हा ज्याचे त्याने ठरवायचे आहे.