पडद्यावरील वृत्तछायाचित्रकार

वृत्तपत्रांत छापलेलें चित्र आपण पाहतों, क्षणभर हळहळतों आणि पान उलटतों. तें घेणारा मनुष्य त्या वेळीं कोठें उभा होता, आणि कळ दाबून झाल्यावर त्यानें काय केलें, हे प्रश्न चित्रांत येत नाहींत; कारण यंत्र ज्याच्या हातांत असतें तो चौकटीच्या बाहेर राहतो. त्याला चौकटीच्या आंत ओढण्याचें काम चित्रपटानें केलें. या कामाचा इतिहास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे, आणि गंमत अशी कीं, त्याच्या आरंभींच एक विनोदी मूकपट उभा आहे.

1928 सालीं बस्टर कीटन याचा ‘द कॅमेरामन’ हा मूकपट निघाला. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पत्र्यावरील छायाचित्रें काढून पोट भरणारा एक भोळा तरुण वृत्तपटाच्या कचेरींतील मुलीवर अनुरक्त होतो, आणि तिच्यासाठीं एक जुनापुराणा चलच्चित्राचा कॅमेरा विकत घेऊन बातम्यांच्या मागें धांवूं लागतो. शेवटीं ती मुलगी पाण्यांत पडते. तिचा ऐटबाज सोबती स्वतःचा जीव घेऊन पळतो. आपला नायक उडी घालून तिला बाहेर काढतो, पण तो औषध आणावयास गेला असतां श्रेय मिळतें तें त्या पळपुट्याला! सत्य उघडकीस येतें एका माकडामुळें. नायक पाण्यांत असतांना तें कांठावर कॅमेऱ्याचा दांडा फिरवीत असतें. हें सुचलें तेव्हां कीटनच्या मनांत हंशापलीकडे कांहीं असेलच असें नाहीं. तथापि या विषयावरचे पुढील गंभीर चित्रपट ज्या पेचाशीं झगडले, तो येथें अगदीं सहज सुटलेला आहे: माणसानें जीव वाचवावा, चित्र माकडानें घ्यावें. प्रत्यक्षांत माकड नसतें.

हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ (1954) मधील नायकाचा धंदा हाच. परंतु मोटारींच्या शर्यतीचें चित्र घेतांना पाय मोडून तो खुर्चीला जखडलेला असल्यामुळें तेथें प्रश्न शेजाऱ्यांच्या खिडक्यांत डोकावण्याचा होतो, आणि तो निराळा. ‘अंडर फायर’ (1983) ही निकाराग्वांतील 1979 च्या क्रांतीवर रचलेली कल्पित कथा आहे. बंडखोरांचा नेता मारला गेला आहे. तो जिवंत भासेल असें एक चित्र काढून द्यावें, म्हणजे लढा टिकेल, अशी गळ एका अमेरिकन छायाचित्रकारास घालण्यांत येते, आणि तो तें काढतो. त्यानेंच तळावर घेतलेलीं खरीं चित्रें मात्र विरुद्ध पक्षाच्या हेराच्या हातीं लागतात व त्यांतील माणसें एकेक ओळखून मारलीं जातात. खोट्या चित्रानें बळ दिलें, खऱ्या चित्रानें जीव घेतला, हा विचार या चित्रपटाच्या प्रेमकथेपेक्षां कितीतरी मोलाचा आहे. दिग्दर्शकानें त्या कथेंत इतका वेळ दवडला नसता तर बरें झालें असतें.

आपल्याकडील एक अनुबोधपट येथें आठवतो. सबीना गडीहोक यांनीं 1998 सालीं ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ केला. त्यांत होमाई व्यारावाला आहेत. नवसारीस जन्मलेल्या व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या या बाईंचीं पहिलीं चित्रें पतीच्या नांवानें छापलीं जात. म्हणजे येथें छायाचित्रकार नुसता चौकटीबाहेरच नव्हे, तर चित्राखालच्या ओळींतही नव्हता.

क्रिश्चन फ्राय या स्विस दिग्दर्शकाच्या ‘वॉर फोटोग्राफर’ (2001) मध्यें मात्र एक नवीनच युक्ति आहे. जेम्स नाक्ट्वे यांच्या कॅमेऱ्यावर त्यानें एक चिमुकला चलच्चित्र-कॅमेरा बसविला. त्यामुळें त्यांचें बोट आणि बोटापलीकडचें दुःख हीं दोन्ही एकाच वेळीं दिसतात. कोसोव्हांत आक्रोश करणाऱ्या बायकांच्या अगदीं निकट हा शांत मनुष्य उभा असतो. कोणी त्याला हांकलून देत नाहीं, आणि याचेंच पाहणारास नवल वाटतें. चित्रपटांत भक्तिभाव थोडा अधिक आहे. परंतु त्याचा एक सहकारी जाकार्तांतील 1998 च्या दंगलीची हकीकत सांगतो, तेथें भक्तीची गरजच उरत नाहीं. जमाव एका माणसाच्या जिवावर उठला होता. नाक्ट्वे यांनीं त्याला सोडण्याबद्दल गुडघे टेंकून विनवण्या केल्या. तो वांचला नाहीं. त्यांनीं चित्रेंही घेतलीं आणि गुडघेही टेंकले. दोहोंपैकीं एकच करतां येतें असें मानणारांस हा प्रसंग अडचणीचा आहे.

केविन कार्टर याची गोष्ट याहून कठीण. मार्च 1993 मध्यें दक्षिण सुदानांत, आयोद येथें, उपासमारीनें जमिनीवर कोलमडलेलें एक मूल आणि मागें टपून बसलेलें गिधाड, असें चित्र या दक्षिण आफ्रिकी तरुणानें घेतलें. तें ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें छापून येतांच मुलाचें पुढें काय झालें असें विचारणाऱ्या वाचकांची रीघ लागली, आणि संपादकांना खुलासा छापावा लागला. एप्रिल 1994 मध्यें त्याला पुलित्झर पारितोषिक जाहीर झालें. त्याच महिन्यांत त्याचा सोबती केन ऊस्टरब्रूक हा थोकोझा येथील गोळीबारांत ठार झाला. आणि जुलैमध्यें कार्टरनें आत्महत्या केली. त्याच्यावर डॅन क्राउस यानें 2004 सालीं एक छोटा अनुबोधपट केला. 2010 सालीं ‘द बँग बँग क्लब’ हा कथापट आला. कथापटांत धांवपळ व गोळीबार फार. अनुबोधपट मात्र मित्रांना बोलूं देतो, आणि म्हणून आम्हांस तोच अधिक प्रामाणिक वाटतो. टीकाकारांनीं कार्टरला दुसरें गिधाड म्हटलें होतें. वास्तविक तें चित्र पाहिल्यानेंच त्यांना त्या दुष्काळाची आठवण झाली होती.

दोन्ही चित्रपट निघून गेल्यावर, 2011 सालीं, स्पॅनिश वार्ताहर आयोद येथें गेले. चित्रांतील मूल मुलगा होता आणि तो त्या दुष्काळांतून वांचला होता, असें त्याच्या वडिलांनीं त्यांना सांगितलें. कार्टरला जाऊन तेव्हां जवळजवळ सतरा वर्षें झालीं होतीं.