झावात्तीनी, चेझारे

(२० सप्टेंबर १९०२ – १३ ऑक्टोबर १९८९). इटालियन पटकथाकार, विनोदी गद्यलेखक, पत्रकार, बोलीभाषेतील कवी व चित्रकार. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इटलीत उदयास आलेल्या नववास्तववादी चित्रपटाचा प्रमुख लेखक आणि त्या संप्रदायाचा सर्वांत आग्रही मीमांसक म्हणून त्याची ख्याती आहे. दिग्दर्शक व्हित्तोरियो दे सिका याच्यासमवेत त्याने वीसहून अधिक चित्रपटांचे लेखन केले, आणि त्यांपैकी शूशा (१९४६), लाद्री दी बिचिक्लेत्ते (१९४८), मिराकोलो आ मिलानो (१९५१) व उंबेर्तो दी (१९५२) या चार कृतींनी जगाच्या चित्रपटेतिहासात चिरस्थायी स्थान मिळविले. कथा रचण्याच्या बाबतीत ज्याची कल्पकता जवळजवळ अक्षय होती, त्यानेच पुढे कथारचना ही वास्तवाला सामोरे जाण्याचे टाळण्याची एक सोयीस्कर वाट आहे असा सिद्धान्त हिरिरीने मांडला; त्याच्या कर्तृत्वाचे मर्म आणि त्याच्या मर्यादा या दोहोंचाही उलगडा या अंतर्विरोधातच होतो.

पूर्वायुष्य : झावात्तीनीचा जन्म उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया जिल्ह्यात, पो नदीच्या काठी वसलेल्या लुझारा या गावी झाला. त्याचे आईवडील तेथे मिठाईचे दुकान व उपाहारगृह चालवीत. बालपणाची काही वर्षे बेर्गामो येथे नातेवाइकांकडे काढल्यावर त्याचे माध्यमिक शिक्षण रोम व आलात्री येथे झाले, आणि नंतर त्याने पार्मा येथील विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी नाव घातले. परंतु पदवीपर्यंत तो पोहोचला नाही. पार्मा येथीलच मारिया लुइजिया या वसतिगृहयुक्त विद्यालयात त्याने काही काळ विद्यार्थ्यांवर देखरेख करणाऱ्या शिक्षकाची नोकरी केली. पुढे विख्यात कवी झालेला आत्तील्यो बेर्तोलुच्ची आणि ‘दोन कामील्लो’च्या कथांचा कर्ता जोव्हान्नीनो ग्वारेस्की हे त्या काळी याच विद्यालयात शिकत होते. ‘गाझेत्ता दी पार्मा’ या स्थानिक वृत्तपत्रात लिहिताना त्याच्या लेखणीला जे वळण लागले ते मात्र कायमचे ठरले : मजकूर आटोपशीर, वाक्य साधे, आणि त्या साधेपणाच्या आड दडलेला एक विलक्षण, किंचित करुण असा तिरकसपणा.

विनोदकार व संपादक : १९३० च्या सुमारास तो उपजीविकेसाठी मिलान या प्रकाशन-व्यवसायाच्या राजधानीत येऊन राहिला. रिझ्झोली या पेढीच्या ‘चिनेमा इलुस्त्रात्सियोने’ या साप्ताहिकासाठी त्याने निरनिराळ्या टोपणनावांनी हॉलिवुडची वार्तापत्रे लिहिली. अमेरिकेस त्याने कधी पाय लावलेला नव्हता. नटनटींच्या भेटी, त्यांचे संवाद व त्यांच्या घरांतील हकिकती या सर्व त्याने मिलानमधील आपल्या मेजावर बसूनच निर्माण केल्या होत्या, आणि वाचकांनी त्या विनातक्रार खऱ्या मानून घेतल्या. पार्लियामो तांतो दी मे (१९३१) या पहिल्या पुस्तकाने त्याला विनोदकार म्हणून लौकिक मिळवून दिला. त्यानंतर इ पोव्हेरी सोनो मात्ती (१९३७) व इयो सोनो इल दियाव्होलो (१९४१) ही पुस्तके आली. अर्ध्या-पाऊण पृष्ठाच्या या गद्यखंडांत गरीब कारकून, देवदूत, मृतात्मे आणि उपाशी मुले यांची सरमिसळ आढळते, आणि दारिद्र्याचे वर्णन कोठेही उच्चरवाने न करता ते वाचकाच्या मनात खोल उतरविण्याची किमया त्यांत साधलेली दिसते. १९३६ मध्ये तो मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेत गेला. तेथे नियतकालिकांचा संपादकीय कारभार पाहत असतानाच ‘सातुर्नो कोंत्रो ला तेर्रा’ या, शनिग्रहवासीयांच्या पृथ्वीवरील स्वारीचे वर्णन करणाऱ्या, लोकप्रिय चित्रकथामालेची मूळ कल्पनाही त्याने पुरविली.

चित्रपटात प्रवेश : त्याचे पहिले महत्त्वाचे चित्रपटकथालेखन म्हणजे मारियो कामेरीनीने दिग्दर्शित केलेला दारो उन मिलियोने (१९३५) हा चित्रपट होय. निर्व्याज स्नेहाने वागणाऱ्या माणसास दहा लक्ष देऊ करणारा एक कोट्यधीश भिकाऱ्याच्या वेषात गावात शिरतो, आणि ही वार्ता फुटताच साऱ्या गावाला भिकाऱ्यांचा उमाळा येतो, असे त्याचे कथानक होते. नायकाची भूमिका करणारा देखणा नट म्हणजेच दे सिका. पुढे चार दशके टिकलेल्या मैत्रीचा आरंभ येथे झाला. आलेस्सांद्रो ब्लाझेत्तीच्या क्वात्रो पास्सी फ्रा ले नूव्होले (१९४२) या चित्रपटात एका फिरत्या विक्रेत्याच्या कंटाळवाण्या आयुष्यातील एका दिवसाचे चित्र त्याने पिएरो तेल्लीनीच्या साहाय्याने रेखाटले, तर दे सिकाच्या इ बांबीनी ची ग्वार्दानो या चित्रपटात मोडत चाललेला संसार एका लहान मुलाच्या नजरेतून दाखविला. फॅसिस्ट राजवटीत पडद्यावर झगझगीत दिवाणखान्यांतील प्रणयकथांची चलती असताना या दोन चित्रपटांनी सामान्य माणसाच्या घराकडे जी दृष्टी वळविली, तीत नववास्तववादाची पूर्वचिन्हे समीक्षकांना आढळली आहेत.

युद्धोत्तर काळ : युद्ध संपले तेव्हा इटलीतील चित्रपटगृहे चालू होती, पण रोमजवळील चिनेचित्ता या विस्तीर्ण चित्रनगरीत निर्वासितांची छावणी पडलेली होती. भांडवल दुर्मीळ आणि रस्ते, भिंती, माणसे मात्र विपुल, अशा अवस्थेत चित्रपटकारांनी कॅमेरा बाहेर आणला. ही त्या काळाची निकड होती. परंतु जी गोष्ट इतरांनी निकड म्हणून पत्करली ती झावात्तीनीने नैतिक निवड म्हणून स्वीकारली. अमेरिकन शिपायांचे बूट पुसून पोट भरणाऱ्या दोन पोरांची आणि त्यांना गिळून टाकणाऱ्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगाची कथा सांगणारा शूशा हा चित्रपट इटलीत फारसा चालला नाही. अमेरिकेत मात्र त्याला विशेष ऑस्कर सन्मान मिळाला.

लाद्री दी बिचिक्लेत्ते हा चित्रपट लुइजी बार्तोलीनीच्या १९४६ मधील कादंबरीवर आधारलेला असल्याचे श्रेयनामावलीत नमूद आहे. प्रत्यक्षात झावात्तीनीने कादंबरीतून शीर्षक आणि चोरीला गेलेल्या सायकलीचा शोध एवढेच घेतले, व बार्तोलीनीने त्याबद्दल जाहीर निषेधही नोंदविला. कादंबरीतील नायक कलावंत आहे. चित्रपटातील आंतोनियो रीच्ची हा दीर्घ बेकारीनंतर भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळालेला मजूर आहे, आणि त्या कामाची अट म्हणून लागणारी सायकल गहाणातून सोडविण्यासाठी त्याची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. गहाणवटीच्या कचेरीत चादरींची ती गाठोडी फळ्यांवर छतापर्यंत रचलेली दिसतात, आणि एकाही शब्दाच्या भाष्यावाचून एका कुटुंबाची अडचण साऱ्या शहराची होऊन जाते. नायकाच्या भूमिकेसाठी लांबेर्तो माज्जोरानी हा कारखान्यातील कामगार निवडण्यात आला. पटकथेच्या श्रेयात सूझो चेक्की द’आमिको, आदोल्फो फ्रांची, जेरार्दो ग्वेर्रिएरी आदी सात जणांची नावे आहेत, कारण इटालियन पद्धतीत पटकथा ही बैठकीत अनेकांनी मिळून करावयाची वस्तू असे. तथापि मूळ आराखडा झावात्तीनीचाच, याविषयी दुमत नाही.

मिराकोलो आ मिलानो हा त्याच्या तोतो इल बुओनो (१९४३) या स्वतःच्याच कादंबरीवरून सिद्ध झाला. शहराबाहेरील झोपडवस्तीतले बेघर लोक शेवटी मिलानच्या प्रार्थनामंदिरापुढील चौकातून झाडूंवर बसून आकाशात उडून जातात, या शेवटाने डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या टीकाकारांना अस्वस्थ केले; पण कान येथील महोत्सवात त्याला १९५१ चे सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले.

उंबेर्तो दी या चित्रपटात झावात्तीनीची कला परिपक्व झालेली दिसते. सेवानिवृत्त सरकारी कारकून, त्याचा कुत्रा, भाडे थकल्यामुळे त्याला घराबाहेर काढू पाहणारी घरमालकीण आणि गरोदर मोलकरीण एवढ्याच सामग्रीवर तो उभा आहे. ही मोलकरीण पहाटे उठते, काडी ओढून चूल पेटविते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी सोडते, कॉफी दळते आणि दळता दळता पायाच्या अंगठ्याने दार लोटू पाहते. या प्रसंगात कथेच्या दृष्टीने काहीच घडत नाही, आणि आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने नेमका हाच प्रसंग चित्रपटकलेच्या नव्या शक्यतेचा दाखला म्हणून पुढे केला. प्रेक्षकांनी चित्रपटाकडे पाठ फिरविली. रंगभूमी व चित्रपट हे खाते सांभाळणारे तत्कालीन उपसचिव जूलिओ आंद्रेओत्ती यांनी वृत्तपत्रात अनावृत पत्र लिहून, इटलीचे असे निराश चित्र जगापुढे ठेवल्याबद्दल दे सिकाला बोल लावला. सरकारी अनुदानावर व परवान्यावर विसंबलेल्या व्यवसायाला अशा पत्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सिद्धान्त : डिसेंबर १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आल्कूने इदेए सुल चिनेमा’ या निबंधात त्याने आपली भूमिका मांडली. लेखक ज्याला कथा म्हणतो ती बहुधा वास्तवाच्या कंटाळ्यातून जन्मते, आणि हा कंटाळा वास्तवाचा दोष नसून आपल्या अवधानाच्या दुबळेपणाचा पुरावा आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. एखादी बाई सात हजार लिऱ्यांचे बूट विकत घेते, एवढी घटना त्याला संपूर्ण चित्रपटाला पुरेशी वाटे. ते पैसे कोठून आले, घासाघीस कशी झाली, विक्रेत्याच्या वाट्याला काय आले, बूट घडविणाऱ्या कामगाराला किती मिळाले, याची शहानिशा करीत गेले म्हणजे एक समाजच उलगडत जातो. सामान्य माणसाच्या मागावर राहून त्याचे सलग जीवन टिपणे, व्यावसायिक नटाला रजा देणे, आणि पटकथाकार व दिग्दर्शक हा भेदच पुसून टाकणे हा त्याचा कार्यक्रम होता. तो अमलात आणण्याचा सर्वांत थेट प्रयत्न लामोरे इन चित्ता (१९५३) या अनेक दिग्दर्शकांच्या चित्रपटात झाला : त्यातील ‘कातेरीनाची कथा’ या भागात दारिद्र्यामुळे आपले मूल टाकून देणाऱ्या स्त्रीनेच स्वतःची भूमिका केली. त्याआधी रोमा ओरे ११ (१९५२) या जुझेप्पे दे सांतिसच्या चित्रपटासाठी, टंकलेखिकेच्या एका जागेसाठी जमलेल्या सुमारे दोनशे मुलींच्या भाराखाली रोममधील एका इमारतीचा जिना कोसळल्याच्या खऱ्या दुर्घटनेची रीतसर चौकशी करण्यात आली होती. ती चौकशी करणारा तरुण एलियो पेत्री पुढे स्वतः नामांकित दिग्दर्शक झाला.

उत्तरकाल व इतर कार्य : नववास्तववादाचा भर ओसरल्यावरही झावात्तीनीची लेखणी थांबली नाही. इल तेत्तो (१९५६), मोराव्हियाच्या कादंबरीवरून केलेला आणि सोफिया लोरेनला ऑस्कर मिळवून देणारा ला चोचारा (१९६०) व उना ब्रेव्हे व्हाकान्त्झा (१९७३) हे दे सिकासाठी त्याने लिहिलेले उत्तरकालीन चित्रपट होत. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँड याच्यासह सिद्ध केलेल्या उन पाएझे (१९५५) या ग्रंथात लुझाराच्या रहिवाशांची छायाचित्रे आणि त्यांच्याच तोंडचा मजकूर एकत्र येतो. शेजारच्या सुझ्झारा गावी १९४८ पासून भरू लागलेल्या चित्रस्पर्धेच्या स्थापनेत त्याचा वाटा होता. तेथे विजेत्या चित्रकारांना वासरू, डुक्कर, चीज अशा शेतकी जिनसांची बक्षिसे मिळत. मेक्सिको व क्यूबा येथे त्याने दीर्घ मुक्काम केले, आणि क्यूबातील क्रांतीनंतर हुलियो गार्सिया एस्पिनोसा याच्या एल होवेन रेबेल्दे या चित्रपटाची कथा लिहून दिली. १९७३ मध्ये त्याने मायबोलीतील कवितांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी ला व्हेरिताआआ (१९८२) हा चित्रपट लिहून, दिग्दर्शित करून त्यात प्रमुख भूमिकाही केली. रोम येथे त्याचे निधन झाले. त्याचे दप्तर रेज्जो एमिलिया येथील पानित्झी ग्रंथालयात जतन केलेले आहे.

प्रभाव व मूल्यमापन : जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचे चित्रपट दाखविले गेले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईतच निर्माण झालेल्या बिमल रॉय यांच्या दो बिघा जमीन या चित्रपटावर त्यांचा ठसा उमटला. सत्यजित राय यांनी १९५० मध्ये लंडन येथे लाद्री दी बिचिक्लेत्ते पाहिला, आणि तो चित्रपट काढण्याच्या आपल्या निश्चयाला कारणीभूत झाल्याचे सांगितले. झावात्तीनीच्या सिद्धान्ताप्रमाणे कथेवाचून उभा राहिलेला चित्रपट मात्र त्याच्या हातून क्वचितच यशस्वी झाला. त्याच्या श्रेष्ठ कृतींत सायकल हरवते, शोध सुरू होतो, आणि प्रेक्षक उत्कंठेने तिच्या मागे धावतो. त्या उत्कंठेच्या आधारे प्रेक्षकाला त्याने गहाणवटीच्या कचेरीत आणि मोलकरणीच्या स्वयंपाकघरात नेऊन उभे केले, व तेथे जे दिसते ते अखेरपर्यंत पाहावयास लावले. कथेवर त्याने उघडपणे युद्ध पुकारले होते. परंतु वास्तवाकडे पाहण्याची जी सवय त्याला जगाला लावावयाची होती, ती लावण्याचे काम त्याच्या हातून घडले ते मिलानच्या दिवसांत अंगी बाणलेल्या कथाकाराच्या कसबामुळेच.